शिरगणतीची रात्र

माझ्या आजीची कालगणना तिची स्वतःची होती. सन आणि तारीख यांच्याशी तिचे कधी फारसे जमले नाही. प्लेगाच्या साली, मोठ्या पुराच्या साली, थोरल्याच्या मुंजीच्या उन्हाळ्यात, अशी तिची वर्षे चालत. त्यातच एक होती 'शिरगणतीची रात्र'. ती १९३१ सालच्या फेब्रुवारीतली २६ तारीख, हे मी पुष्कळ वर्षांनी हिशेब करून काढले. आजी तेव्हा नवी नवरी. चार दिवस माहेरपणाला म्हणून गेलेली, तर सासऱ्यांकडून गाडी घेऊन गडी हजर! कारण काय, तर "आमची सून आमच्याच घरात मोजली गेली पाहिजे." आजी वाटभर रडत परत आली. रात्री दिवा मोठा करून सगळे घर ओटीवर बसून राहिले. मास्तर आले, एकेकाचे नाव टिपू लागले. घुंगटाआडच्या आजीकडे बोट करून त्यांनी विचारले, "ह्या कोण?" सासरे म्हणाले, "ह्या आमच्या धाकट्या सूनबाई."

"तेव्हा मला कळलं हो, मी कुठली ते," आजी सांगत असे.

त्या काळी साऱ्या देशाची माणसे अशी एका रात्रीत मोजत. १९४१ पासून ती पद्धत गेली. आता शिरगणतीचे काम वीस-वीस दिवस चालते. पण एका जातीची माणसे मात्र अजून एका रात्रीतच मोजतात. ज्यांना घर नाही, ती. दिवसा ती कुठे असतील याचा नेम नसतो. रात्री मात्र पाठ टेकायला कुठेतरी यावेच लागते.

हे मला कळले २०११ साली. मी तेव्हा मुंबईत म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होते, आणि शिक्षिका म्हटली की निवडणूक, पोलिओ आणि शिरगणती ही पदरी आलीच. मला परळचा एक गट मिळाला होता. दोन चाळी, एक गल्ली, आणि रुग्णालयांच्या बाजूचा लांबलचक फूटपाथ. प्रगणकांच्या शिकवणी वर्गात साहेबांनी सरकारी पुस्तकातून 'बेघर कुटुंब' कोणते ते वाचून दाखवले. इमारतीत किंवा घरात न राहता उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, पदपथावर, ह्यूम पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, किंवा देवळात, मंडपात, रेल्वेच्या फलाटावर राहते ते. ह्यूम पाइप म्हणजे रस्त्याकडेला पडलेले सिमेंटचे ते अजस्र नळ. "त्यात शिरून मोजायचं का साहेब?" असे आमच्या शाळेच्या कवायतीच्या सरांनी विचारले आणि वर्ग हसला. मीही हसले. ह्यूम पाइपावर मी हसले आणि त्याच्यापुढचा एक शब्द माझ्या कानावरून तसाच निघून गेला.

२८ फेब्रुवारी, सोमवार. घरात दुपारपासून दूरदर्शनवर अंदाजपत्रक चालू होते. आदल्या रात्री बंगळुरूला भारत-इंग्लंड सामना बरोबरीत सुटला होता, त्याची हळहळ अजून ओसरली नव्हती. रात्री नऊ वाजता मी गळ्यात ओळखपत्र, खांद्याला तक्त्यांची पिशवी आणि हातात विजेरी अशी निघाले, तेव्हा आमचे हे म्हणाले, "चोर पकडायला चाललीस की माणसं मोजायला?" मग स्वतःच चपला घालून टॅक्सीपर्यंत आले. जिन्याच्या तळाशी आमच्या बिल्डिंगचे मामा अंथरूण झटकत होते. "बाई, एवढ्या रात्रीचं?" त्यांनी विचारले. "सरकारी काम, मामा," मी म्हटले आणि पुढे झाले.

बरोबर कवायतीचे सर होते आणि एक हवालदार. हवालदारांना झोपेची आशा नव्हती, त्यामुळे ते खुशीत होते.

परळचा तो फूटपाथ तुमच्यापैकी पुष्कळांनी दिवसा पाहिला असेल. फळांच्या गाड्या, औषधांची दुकाने, एक्स-रेची पिवळी पाकिटे छातीशी धरून चाललेली माणसे. रात्री अकरानंतर तिथे निराळीच वस्ती उतरते. प्लॅस्टिकचे कागद, पुठ्ठे, देवाच्या तसबिरी, स्टोव्ह, पाण्याच्या बाटल्या. महिनोन् महिने चालणाऱ्या उपचारांसाठी देशभरातून आलेले रोगी आणि त्यांचे नातलग. दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर त्यांची गणना 'संस्थेतले' म्हणून. नाही मिळाली तर 'बेघर'. माणूस तोच, आजार तोच.

पहिलेच कुटुंब खानदेशातले निघाले. साठीचा शेतकरी, त्याची बायको आणि पंचविशीचा मुलगा. बायकोच्या डोक्याला फडके बांधलेले, औषधांनी केस गेले होते. त्याने आपले आणि बायकोचे नाव सांगितले, वय सांगितले, मला बसायला आपली घडी केलेली चादरही सरकवून दिली. मग माझ्या हातातल्या तक्त्याकडे बोट करून विचारले, "बाई, यात आम्हाला काय म्हणून घालता?"

कुटुंबाच्या प्रकारापुढे मी तीनचा आकडा घातला होता. एक म्हणजे साधे, दोन म्हणजे संस्था, तीन म्हणजे बेघर. मी सांगितले.

म्हातारा ताडकन उभा राहिला. "खोडा ते. माझं गावी चार खणांचं घर आहे. पुढं निंब आहे, मागं गोठा आहे. बेघर कसा काय मी?"

मी त्याला नियम समजावला. माणूस ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत जिथे असेल तिथे मोजायचा. या वीस दिवसांत तो एकदाही गावी गेला नसेल तर गावच्या तक्त्यात त्याचे नाव यायला नको, इथे यायला हवे. तो डिसेंबरात आला होता. ही माहिती गुप्त राहते, १९४८ च्या कायद्याप्रमाणे ती कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही, कोणाला दाखवत नाहीत, असेही सांगितले. तो ऐकून घेत होता, पण त्याचे समाधान होत नव्हते. शेवटी त्याची बायकोच म्हणाली, "लिहू द्या हो. त्यांच्या कागदावर नसलं म्हणून आपलं घर का कुठं जातं?" तो बसला. पण पुढल्या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात त्याने आपले घर आणलेच. जन्मस्थान? त्याच घरात. स्थलांतराचे कारण? त्याला ठरलेले सात आकडे. नोकरी, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलणे, कुटुंबाबरोबर येणे आणि 'इतर'. आजारपण 'इतर'मध्ये. त्या फूटपाथावर मी त्या रात्री किती वेळा 'इतर' लिहिले असेल!

पुढे हातगाड्यांची रांग होती आणि प्रत्येक गाडीवर एक एक माणूस पाय पोटाशी घेऊन झोपलेला. एकाला उठवले. पूर्वांचलातला विशीचा पोरगा, उठल्या उठल्या त्याने मॅचचे विचारले. तक्त्यात एक प्रश्न होता, कामाच्या ठिकाणी जाण्याचे अंतर किती आणि वाहन कोणते. मी विचारले. तो ज्या गाडीवर बसला होता तीच त्याच्या कामाची जागा. तो स्वतःशीच हसला, फळीवर थाप मारून म्हणाला, "बस, इतना ही." शून्य किलोमीटर. सरांनाही हसू आले. हवालदार मात्र हसले नाहीत. त्यांना रोज कर्जतहून यावे लागे.

हसण्यासारखे तेवढेच. भिंतीच्या कडेला एक तरुण बाई दोन मुलांच्या मध्ये बसून डास वारत होती. ती रुग्णालयाची नव्हती, कायमची तिथलीच. नवऱ्याचे नाव तोंडाने घेईना, थोरल्या मुलाला उठवून त्याच्याकडून वदवले. तक्त्याचे एकोणतीस प्रश्न. त्यांतले शेवटचे तीन विवाहित बायकांसाठी. हयात मुले किती? "दोन." एकूण झालेली किती? हा प्रश्न मी चाळीत खोल्याखोल्यांतून शंभर वेळा विचारला होता, आत पंखा चालू, दूरदर्शन चालू, बायका भाजी निवडता निवडता उत्तर देत. ती बाई मात्र माझ्याकडे पाहत राहिली. मग बोटांच्या पेरांवर मोजू लागली. "चार." जरा थांबून म्हणाली, "पाच धरा. एक तासभर होता." हवालदार पाठ करून उभे राहिले. मी चौकटीत पाचाचा आकडा काढला. आकडा चौकटीबाहेर जाता कामा नये, मशीन वाचत नाही, असे आम्हाला बजावलेले होते.

रात्री दोनपर्यंत आम्ही एकसष्ट माणसे मोजली. किती सुटली असतील? सुटली असणारच. दोन जागी नुसती अंथरुणे होती, माणसे कुठे गेली ते शेजारचा सांगेना. एक म्हातारा दातखिळी बसल्यासारखा गप्प राहिला, हवालदारांना पाहून बहुधा. एकीने स्वच्छ सांगितले, "नाव लिहून गेले की आठ दिवसांनी गाडी येते सामान उचलायला." तसे होणार नाही म्हणून मी शपथ घातली. तरी तिने सांगितलेले नाव खरे होते असे मला आजही वाटत नाही. फूटपाथावरच्या माणसाला १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात जाऊन आपल्या झोपड्यासाठी भांडावे लागले होते, तेही याच शहराच्या म्युनिसिपालिटीशी. न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले, आणि तरी झोपड्या हलवायला हरकत घेतली नाही. त्या बाईला यातले काही ठाऊक नसेल, पण तिचा हिशेब काही चुकीचा नव्हता.

टॅक्सीने दादरला परतले. अंगात एक प्रकारचा ताठा होता, खोटे कशाला सांगू! मुंबई झोपलेली असताना आपण काहीतरी केले, असा. बिल्डिंगचे दार लोटून आत आले, विजेरी पेटवली, आणि तिचा झोत सरळ मामांच्या तोंडावर पडला.

जिन्याखाली.

मामा डोक्याखाली हात घेऊन झोपले होते. उशाशी त्यांची पत्र्याची ट्रंक. विजेच्या मीटरच्या पेटीमागे खुंटीवर सदरा, पंढरपूरच्या विठोबाचे चित्र. मी १९८५ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा मामा इथेच होते. बारा बिऱ्हाडांच्या मोटारी पुसणे, गॅसची टाकी वर नेऊन देणे, वीजबिल भरणे, दूध आणणे, गणपतीत आरास करणे, सगळे मामा. माझा मुलगा सायकल शिकला तो मामांनी मागे धरून. ते 'आमचे मामा' होते. आमच्या घराण्यातलेच जणू. सरकारी पुस्तकातला तो शब्द, ह्यूम पाइपाच्या पुढचा, मला तेव्हा आठवला. तीन पावलांवर झोपलेला माणूस, आणि मी टॅक्सी करून परळला जाऊन आले!

आमची बिल्डिंग माझ्या गटात नव्हती. दुसऱ्या शाळेची एक तरुण शिक्षिका तिथे मोजायला येत असे. पण काही बिघडले नव्हते. १ ते ५ मार्च हे दिवस फेरतपासणीचे, सुटलेले नाव तेव्हा घालता येते. सकाळी मामा दूध घेऊन आले तेव्हा मी विचारले, "मामा, शिरगणतीत तुमचं नाव घातलं का कोणी?"

"माझं नाव गावी असतं की, बाई. पुतणे घालतात."

"पण तुम्ही गावी गेलाच नाहीत या महिन्यात. तुमचं नाव इथं यायला पाहिजे."

मामांनी पिशवीतून दूध काढून कट्ट्यावर ठेवले. "इथं म्हणजे कुठं?" ते म्हणाले. मला उत्तर सुचले नाही. "घालायचं तर घाला," ते थोड्या वेळाने म्हणाले, "पण घर नाही असं काही लिहू नका."

संध्याकाळी मी सेक्रेटरींच्या कानावर घातले. सेक्रेटरी भला माणूस. पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. "वहिनी, हे नसतं लफडं कशाला? नाव लागलं की हक्क लागतो. उद्या पुनर्विकासाच्या वेळी हा माणूस जागा मागायला उभा राहिला तर?" बिल्डर येऊन जाऊ लागले होते. मी त्यांनाही १९४८ चा कायदा सांगितला, जसा रात्रभर फूटपाथावर सांगितला होता. ते म्हणाले, "कायदा असतो हो, वहिनी. पण आपण कशाला त्याच्या वाटेला जा?" आमचे हे म्हणाले, "तुझं म्हणणं बरोबर आहे. पण राहायचं आपल्याला इथंच आहे." नव्या बिल्डिंगमध्ये आम्हाला एक खोली जास्त मिळणार होती. हे मी त्या दिवशी मनात आणले नाही असे म्हणवत नाही.

३ तारखेला ती शिक्षिका आली. आदल्याच दिवशी महाशिवरात्र झालेली. दमलेली होती बिचारी, मीच तिला वर बोलावून चहा केला. मामा खालून जास्तीचे दूध घेऊन आले, कपाट सरकवून तिला खुर्ची लावून दिली आणि खाली गेले. सेक्रेटरीही येऊन बसले होते. कोणी जन्मले का, कोणी वारले का, तिने विचारले. मग तक्ते मिटता मिटता म्हणाली, "बिल्डिंगमध्ये आणखी कोणी राहतं का हो? नोकर, गडी वगैरे?"

"कोणी नाही," सेक्रेटरी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याच धंद्यातली, म्हणून असेल. मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

पुढे आकडे प्रसिद्ध झाले. देशात बेघर १७ लाख ७३ हजार. २००१ साली ते १९ लाख ४३ हजार होते, म्हणजे कमी झाले म्हणून कोणी समाधान मानले असेल. ते कमी झाले खेड्यांत. शहरांत ७ लाख ७८ हजारांचे ९ लाख ३८ हजार झाले. मी वर्तमानपत्रातला तो आकडा वाचला आणि त्यात एक मिळवून पाहिला.

२०१४ च्या पावसाळ्यात मामांना ताप भरला. दोन दिवस त्यांनी कोणाला सांगितले नाही, तिसऱ्या दिवशी शुद्ध हरपली. ह्यांनी आणि सेक्रेटरींनी त्यांना टॅक्सीत घालून रुग्णालयात नेले. हे मला सांगितलेच पाहिजे, की त्या दिवशी कोणी हात आखडता घेतला नाही, सेक्रेटरींनीही नाही. अर्ध्या तासाने ह्यांचा फोन आला.

"अगं, मामांचं नाव काय?"

मी म्हटले, "म्हणजे?"

"नाव, आडनाव, वय, पत्ता. केसपेपरवर पाहिजे."

मी पहिल्या मजल्यावर गेले, दुसऱ्या गेले, तिसऱ्या गेले. बारा दारे वाजवली. कोणी म्हणाले 'मामाच', कोणी म्हणाले पांडुरंग असावे, कारण विठोबाचे चित्र होते. शेवटी जिन्याखाली बसून मी ट्रंक उघडली. दोन धोतरे, एक कोरा टॉवेल, आमच्या मुलाच्या लग्नात दिलेला, तसाच घडीचा, आणि पोस्टाचे एक जुने पासबुक. त्यावर नाव होते आणि साताऱ्याकडच्या एका गावाचे नाव. मी फोनवर ते वाचून दाखवले. पत्ता म्हणून ह्यांनी आमचाच दिला. दादर, बिल्डिंगचे नाव, खोली नंबर सात.

चौथ्या दिवशी मामा गेले. गावी निरोप पोचला होता, पुतण्या आला. चाळिशीचा, अबोल. सगळे आटोपल्यावर आमच्याकडे चहाला बसला तेव्हा मी, न राहवून, तीन वर्षांपूर्वीचे विचारले. शिरगणतीत मामांचे नाव गावी घातले होते का?

"नाही बा," तो म्हणाला. "आमची आमचीच घातली. काका कुठं असतात घरी?"

"आणि त्यांचं घर?"

"ते कवाच पडलं. मी शाळेत होतो तेव्हा. त्यांना ठावं होतं."

आता बिल्डिंग नवी झाली आहे. लिफ्ट आहे, आम्हाला ती जास्तीची खोली आहे. जिन्याखाली पाण्याचे पंप बसवले आहेत. फाटकाशी काचेची केबिन आणि तिच्यात एजन्सीचा वॉचमन असतो, बारा तास, मग दुसरा येतो. २०२१ ची शिरगणती कोरोनामुळे राहिली, ती आता १ मार्च २०२७ च्या मुहूर्ताने होणार असे जाहीर झाले आहे. मी २०१८ साली निवृत्त झाले, तेव्हा विजेरी घेऊन मला आता कोणी बोलावणार नाही.

नवा रात्रीचा वॉचमन गेल्या महिन्यात लागला. पोरगेलासा आहे, बीडकडचा. पहिल्याच दिवशी मी त्याचे नाव विचारले, आडनाव विचारले, गाव विचारले. सगळे त्याने सांगितले. मग मी विचारले, "आणि दिवसा झोपतोस कुठे रे?"

तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. माझ्याकडे पाहिले, मग फाटकाकडे.

"आजी," तो म्हणाला, "सोसायटीनं विचारायला लावलंय का?"